मशीनची उचकी

आमच्या ह्यांचं नाव मी कधी घेत नाय, पण तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून एकदाच सांगते. मुंजाबा. बीड बायपासला आप्पासाहेबांचं लग्नाचं लॉन हाय, तिथं गवत राखायला हायेत. मी म्हाळसाबाई, तिथंच झाडलोट करते. आप्पासाहेब देवगाव रंगारीचे मोठे बागाईतदार. आम्ही वैजापूरकडचे मेंढरंवाले. लग्न झाल्यापासून मी मेंढरांमागं फिरले. राहायला कापडाचं पाल टाकायचं, पाल उचलायचं, पोरीला घोड्यावर बांधायचं आन् चालायचं. लॉनवर काम लागलं तवा मेंढरं माझ्या दिराच्या, कडूबाच्या, हवाली केली. लॉनच्या मागं आम्हाला खोली भेटली. पत्र्याचीच हाय, पण आत नळ हाय. पोरगी शाळेत जाती. मी बसले ती बसले, आता मला इथून उठवायची कुणाची टाप नाय असं मी धरून चालले होते.

मंग त्या मशीननं मनावर घेतलं.

मशीन म्हणजे गवत कापायचं, पेट्रोलवरचं, मागून ढकलत न्यायचं. आप्पासाहेबांनी ते आणलं तवा आमच्या ह्यांनी त्याच्याकडं जसं बघितलं तसं अंतरपाट निघाल्यावर माझ्याकडं बघितलं नव्हतं. रोज आंघोळ झाली की ओल्या अंगानं मशीनपुढं हजर. फडक्यानं पुसायचं, भंडारा आन् कुंकू तेलात कालवायचं आन् मशीनच्या डोक्यावर अंगठ्यानं ओढायचं. डोकं म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. तेवढंच वर आलेलं, गोल. आन् कुंकू कुणाचं, तर माझ्या करंड्यातलं. पोरीला ताप आला तर "लई हाय का" इतकंच विचारतील, मशीन खोकलं तर ताटावरून उठतील. असा माणूस माझ्या पदरी पडला.

दिवाळी सरली, लग्नाच्या तारखा लागल्या आन् मशीनला उचकी लागली. सुरू केलं की झ्याक चालायचं. दोन-तीन पट्टे कापले की आवाज चढायचा, भुर्रर्र, मंग एकदम पडायचा, परत चढायचा, परत पडायचा, आन् बसायचं. आमचे हे झाकण उघडून बघायचे, पेट्रोल संपलं का काय. टाकी भरलेली. झाकण लावून दोरी ओढली की परत झ्याक. परत दोन-तीन पट्टे, परत उचकी. लॉन असं दिसायला लागलं की अर्ध्या दाढीत न्हाव्याची लाइट गेली.

गुलमंडीपलीकडच्या दुकानातला सांडू मिस्तरी आला. त्यानं प्लग पुसला, कार्बोरेटर खोलला, जाळी धुतली, झाकण उघडून पेट्रोलचा वास घेतला आन् चालू करून दाखवलं. "एकदम मक्खन," म्हणला. त्याची मोटरसायकल गेटाबाहेर गेली न गेली तोच मशीननं उचकी दिली.

"त्याची विचारपूस करावी लागती," आमचे हे म्हणले. "झाकण उघडून बघितलं की चालतंय."

मी म्हणलं, "कधी माझी करून बघा. मी पण चालंन."

एक दिवस झाकण फिरवताना आतून सुस्स असा आवाज आला. झालं, ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, ह्याला पोटफुगी झाली." आता मेंढराला पोटफुगी झाली की आम्ही गोडतेल पाजतो, आन् आमच्या ह्यांचा जन्म मेंढरांत गेलेला. त्यांनी वाटीभर गोडतेल टाकीत ओतलं. तेल पण माझंच. दोरी ओढली आन् जो पांढरा धूर निघाला, तो शेजारच्या लॉनवर हळदीला बसलेल्या नवरीपर्यंत गेला. तिथले पाहुणे बादल्या घेऊन पळत आले. सांडूला परत बोलवलं, त्यानं टाकी धुतली आन् जाताना हात जोडून म्हणला, "मुंजाबाभाऊ, ये बकरी नहीं है."

ही धुराची बातमी आप्पासाहेबांपर्यंत गेली. ते आले, कापलेलं आन् राहिलेलं समदं गवत बघितलं. बोलायला शांत माणूस, पण शांत बोलतात तवाच भ्या वाटतं.

"मुंजाबा, रविवारी वैजापूरच्या कांदेवाल्यांचं लग्न हाय. शुक्रवारी मी कारपेटवाल्याला घेऊन येतो. तुझं मशीन चाललं तर ठीक. नायतर समदीकडं हिरवं प्लास्टिक अंथरून टाकतो. त्याला ना पाणी लागतं ना माणूस."

मी म्हणलं, "साहेब, दिराची मेंढरं आणते ना. एका दिवसात लॉन साफ करतील."

"आन् लेंड्या? कांदेवाले मांडवात बसतील का लेंड्यांत बसतील?"

त्या दिवसापासून मला भाकरी गोड लागंना. डोळे मिटले की पाल दिसायचं, चिखलात रुतलेले खुंटे दिसायचे आन् पोरीचं दप्तर घोड्याच्या पाठीला लटकलेलं दिसायचं. मला परत नाय जायचं. सासू झाली तशी चालता चालता मला म्हातारं व्हायचं नाय.

आन् आमच्या ह्यांनी काय करावं? मशीनची पूजा डबल केली. सकाळी एकदा, दिवे लागल्यावर एकदा. भंडाऱ्याचा थर असा चढला की झाकण पुरणाच्या उंड्यासारखं दिसायला लागलं. गुरुवारी मी कुंकू लावायला करंडा उघडला, तर बोटाला बूड लागलं. तिथं माझं डोकं फिरलं.

"तुमचं लग्न माझ्याशी झालं का त्याच्याशी?" मी म्हणलं. मशीन ओढत नळाखाली नेलं, राख घेतली, काथ्या घेतला आन् करपलेलं भगुलं घासावं तसं घासलं. आमचे हे भोवती नाचत होते, "अगं पाणी जाईल, अगं देव हाय तो." मी म्हणलं, "देव हाय तर आज अंगाला राख लागू द्या." आन् करंडा कमरेला खोचला, म्हणलं, आता हात लावून दाखवा.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी मेल्या तोंडानं दोरी ओढली. दोन पट्टे झाले. चार झाले. स्टेजपर्यंतचं एक अंग झालं. उचकी नाय, खोकला नाय, काय नाय. आमचे हे खुश व्हायचं सोडून रुसले. "पूजा नाय केली तर चालतंय," म्हणले, "म्हणजे माझ्यावरच राग होता त्याचा."

आप्पासाहेबांनी सांडूला शेवटचं बघून घे म्हणून धाडलं होतं. त्यानं समदं ऐकून घेतलं, झाकण काढलं, उजेडात धरलं आन् माझ्या बांगडीतली पिन मागितली. झाकणाला एवढंसं भोक होतं, त्यातून त्यानं राहिलेलं पिवळं-तांबडं कोरून काढलं.

"इथून टाकीत हवा जाती, तवा पेट्रोल खाली उतरतं," सांडू म्हणला. "भोक बुजलं की इंजन उपाशी. झाकण उघडलं की हवा जाती, परत चालतंय. ह्याच्यात हळद कुणी भरली? मी दोनदा झाकण काढलं, वरचा टिळा देवाचा म्हणून हात नाय लावला."

आमचे हे खाली बसले. "रोज मीच त्याचा गळा दाबत होतो," म्हणले. मी हसले नाय असं सांगितलं तर खोटं होईल. पोट धरून हसले.

दुपारी आप्पासाहेब आले. संगती त्यांच्या मालकीणबाई वच्छलाबाई, आन् मागं टेम्पोत हिरव्या गुंडाळ्या घेऊन कारपेटवाला. मशीन गेटापासून स्टेजपर्यंत गेलं आन् परत आलं. आप्पासाहेबांचा चेहरा खुलला. "थांबव जरा," म्हणले. "हंगामातलं पहिलं लग्न हाय." वच्छलाबाईंनी ताट पुढं केलं. आप्पासाहेबांनी पाण्यात कालवलेल्या कुंकवात जाडजूड अंगठा बुडवला आन् बरोबर झाकणावर, भोकावर, दाबून ओढला. वरून हळद, अक्षता, आन् मशीनवरच नारळ फोडून त्याचं पाणी.

आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मालकाच्या हाताला कोण अडवणार?

दोरी ओढली. पहिला पट्टा नीट गेला. दुसऱ्याला भुर्रर्र. तिसऱ्याच्या मध्यावर मशीन मेलं.

आप्पासाहेबांनी एक उसासा टाकला. "बस झालं मुंजाबा," म्हणले आन् कारपेटवाल्याकडं वळले. "पसर रे."

त्यानं टेम्पोतली एक गुंडाळी खाली टाकून लाथ मारली तशी ती गवतावर सुटत आली. आमचे हे हात जोडून उभे. मालकानं लावलेलं कुंकू, तेही लग्नाच्या जागेवर. ते पुसा म्हणून सांगायचं कुणी?

मी गेले. पदर हातात घेतला आन् झाकणावरचं कुंकू खसाखसा पुसलं.

"अगं बाई," वच्छलाबाई किंचाळल्याच. "सवाष्ण असून कुंकू पुसतीस?"

"व्हय बाईसाहेब, पुसते," मी म्हणलं. "हे कुंकू राहिलं तर आमची खोली जाती."

झाकण फिरवलं, सुस्स झालं. पिन काढून भोक कोरलं, तोंडानं फुंकलं, उष्टं झालं तर झालं. झाकण लावलं आन् म्हणलं, "ओढा दोरी." ह्यांनी डोळे मिटून ओढली. मशीन चालू झालं. मी आप्पासाहेबांना भोक दाखवलं, पेट्रोलला हवा लागती ते सांगितलं. तोवर आमचे हे स्टेजपर्यंत जाऊन परत आले, वळले, परत गेले. कारपेटपाशी आले तवा कारपेटवाल्यानं आपणहून टोक उचललं.

आप्पासाहेबांनी माझ्या पदराला लागलेलं कुंकू बघितलं. मंग म्हणले, "मग कुंकू लावायचं कुठं?"

"चाकाला लावा ना साहेब. चार चाकं हायेत, तुम्हाला आन् ह्यांना, दोघांना पुरून उरतील."

वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला. आप्पासाहेब हसले नाय. कारपेटवाल्याला म्हणले, "चहा घे आन् निघ."

तवा मात्र मला रडू फुटलं. मी तिथंच गवतात बसून हमसून हमसून रडायला लागले. आमचे हे मशीन बंद करून पळत आले, माझ्यापुढं उकिडवे बसले आन् विचारायला लागले, "आता काय झालं? मशीन तर चालतंय."