दहा सेकंद

आईने पर्स मांडीवर घेतली, चष्मा नीट केला आणि फोन टेबलावर तसाच ठेवून एका बोटाने हलकेच दाबला. काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत तिचा मुलगा वही उघडून बसला होता. त्याला ती दिसत होती. तिला काचेत फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता.

म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना सहज वापरता यावा असा हा फोन त्याने दोन वर्षं खपून बनवला होता. आज चाचणीचा शेवटचा दिवस. एक आजोबा ऐन वेळी आले नाहीत, म्हणून त्याने आईला आणून बसवलं होतं. तिला काही जमायचं नाही, हे चाचणी घेणाऱ्या मुलीला त्याने आधीच हसत सांगून ठेवलं होतं. आईने टीव्हीचा रिमोट कानाला लावला, हा किस्सा तो दर बैठकीत सांगे आणि लोक पोट धरून हसत. किस्सा निम्मा त्यानेच रचलेला होता.

चाचणीचा नियम एकच: सांगायचं नाही, हात लावायचा नाही.

आईला मुलाला फोन लावायचा होता. ती एकेक चित्र नीट बघे, बोट उचले, आणि तेवढ्यात पडदा पुन्हा पहिल्या पानावर जाई. दहा सेकंदांत काही दाबलं नाही की तसं व्हायचं. सकाळी सात वर्षांची एक चिमुरडी यावरून फोनवरच डाफरली होती, जरा थांब की म्हणून.

आई म्हणाली, "चुकलं माझं."

पडदा पुन्हा मागे गेला.

"चुकलं गं बाई पुन्हा."

तिसऱ्या खेपेला चाचणी घेणाऱ्या मुलीने एकदा काचेकडे पाहिलं आणि आपल्या संगणकावरून ती दहा सेकंदांची अट काढून टाकली. आता आई निवांत बघू लागली. काचेमागे मुलाचा हात दोनदा आपसूक पुढे आला. घरीही तो असाच पुढे यायचा, "दे इकडे" म्हणत. दहाचा आकडा त्यानेच ठरवला होता. तो कुठून आला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मिनिटभरात आईचं बोट बरोबर त्याच्या फोटोवर येऊन थांबलं. एवढं येतं तर घरी का वापरत नाही, असं त्या मुलीने विचारलं.

"घरी तो देतो ना करून," आई कौतुकाने म्हणाली. "मी हातात घेतला रे घेतला की येतोच बिचारा. वेळ कुठे असतो त्याला?"

त्याची कानशिलं तापली. अंधारात कुणी बघत नव्हतं, तरी मान वर करवेना इतकी लाज वाटली त्याला.

खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला.

"हं, आई."

"अरे, मीच लावला," ती म्हणाली. काचेपलीकडे तिचा चेहरा फुलला होता. "कामात आहेस का?"

त्याला खूप काही म्हणायचं होतं. शब्द जुळवायला त्याला जरा वेळ लागला.

"असशीलच. ठेवते हं."

आणि तिने फोन ठेवला. ते बटण मात्र तिला शोधावं लागलं नाही.