घटिकेवरचा माणूस

गच्चीवरून सूर्य दिसत नव्हता. पूर्वेला पाण्याची टाकी होती, तिच्यामागे मोबाईलचा टॉवर आणि त्याच्याही मागे कुणाची तरी अर्धवट बांधलेली इमारत. विरूपाक्ष स्वामींनी टाचा उंच करून पाहिलं, मग कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. नांदेड शहराने सूर्योदय बघण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

"आज्जा, मोबाईल म्हणायलाय, सूर्य पाच अठ्ठेचाळीसला उगवतो," गीतांजली म्हणाली. ती त्यांच्या लेकीची लेक, आणि आज तिचंच लग्न होतं. हाताला मेंदी, केसांत दहाबारा क्लिपा, आणि तरीही नवरी पाण्याचं घंगाळ सांभाळत आजोबांसोबत मंगल कार्यालयाच्या गच्चीवर उभी होती.

"मोबाईलला काय, त्यो डोळे झाकून बी सांगतोय. अर्धं बिंब आपल्या डोळ्यानं दिसावं लागतंय."

"इथं कुठं दिसणार हाय?"

स्वामी जरा वेळ टाकीवर चिडले, मग नमले. "बरं, सांग तुझ्या मोबाईलला विचारून."

पाच अठ्ठेचाळीसला त्यांनी तांब्याची वाटी पाण्यावर अलगद सोडली.

वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पाणी आत येतं, वाटी जड होत जाते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. ती एक घटिका. बुडाली की लगेच काढायची, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि पाटावर कुंकवाची एक रेघ ओढायची. दिवसरात्र मिळून अशा साठ. घड्याळं नव्हती तेव्हा ज्योतिषी ग्रहण किती वेळ चाललं ते अशाच वाटीने मोजत आणि राजांच्या देवडीवर तिच्याच हिशेबाने घंटा वाजत. एवढा मोठा कारभार बघितलेलं हे यंत्र देवणीच्या या जंगमाच्या, म्हणजे लिंगायत पुरोहिताच्या, घरात येईपर्यंत फक्त लग्नाच्या मुहूर्तापुरतं उरलं होतं. आजचा मुहूर्त बारा वाजून बारा मिनिटांचा होता. उगवतीपासून बरोबर सोळा घटिका.

विरूपाक्ष स्वामी एकतीस वर्षं तहसील कचेरीत शिपाई होते. तिथे त्यांना कुणीही हाक मारावी, चहा आणायला पाठवावं. लग्नात मात्र सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघे. घटिकेवर बसलेल्या माणसाने उठायचं नसतं. क्षणभर नजर हटली आणि तेवढ्यात वाटी बुडाली, तर गेलेला वेळ परत मोजता येत नाही. म्हणून स्वामी आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत. देगलूरपासून निलंग्यापर्यंत त्यांची ख्याती होती, की मांडवाला आग लागली तरी हा माणूस उठायचा नाही. ही ख्याती त्यांना फार आवडायची.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी देगलूरच्या एका लग्नात सहावी घटिका बुडाली तेव्हा लुनावरून एक माणूस निरोप घेऊन आला. स्वामींच्या बायकोला, सिद्धम्माला, रात्रीपासून जुलाब-उलट्या होत होत्या आणि तिला जीपमधून उदगीरला नेलं होतं. मुहूर्त तेराव्या घटिकेला होता. स्वामी तेरावी बुडवून उठले. मधले पावणेतीन तास ते वाटीकडे बघत बसले होते. ते उदगीरला पोचले तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर त्यांची सोळा वर्षांची लेक मंजुश्री आईच्या चपला हातात घेऊन बसली होती.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं चालू राहिलं, पण कामापुरतं. मंजुश्रीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, की ती वाटी मांडवात दिसता कामा नये. मुहूर्त कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळावर धरला गेला. बाप तिसऱ्या ओळीत पाहुण्यासारखा बसला.

मग गीतांजली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायला लागली आणि तिने प्रकल्पासाठी जुनी खगोलयंत्रं हा विषय घेतला. स्टॉपवॉच घेऊन ती आठ दिवस देवणीला राहिली. वाटी सकाळी उशिरा बुडते आणि दुपारी लवकर, हे तिच्या ध्यानात आलं, पण कारण उमगेना. "सकाळचं पाणी जड असतंय, बाय. म्हणून पहाटचं म्या जरा कोमट करून घेतो," आजोबा म्हणाले. पोरीने पुस्तक काढून पाहिलं. गार पाणी दाट असतं आणि बारीक भोकातून हळू येतं, असंच तिथे लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून तिने धरून ठेवलं, की माझ्या अक्षता आज्जाच्या घटिकेवरच पडणार. मंजुश्री दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नंतर म्हणाली, तुझं लगीन हाय, कर तुला काय करायचं ते.

स्वामींना आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं. एकदा तरी घरच्या लग्नात घटिकेवर बसावं, आणि लेकीने ते उभं राहून बघावं.

गीतांजली नटायला गेली. स्वामींनी वाटीवर नजर ठेवून घंगाळ अलगद खाली मांडवाच्या कोपऱ्यात उतरवून घेतलं. वाऱ्याने पाणी हलतं म्हणून स्वामींनी वरचा पंखा बंद करायला लावला, तेव्हा वऱ्हाडातल्या बायका घामाने वैतागल्या. एकाने येऊन विचारलं, "काका, हे पाणी पक्ष्यांसाठी का?" नवरदेवाची वरात अजून चौकात नाचत होती. स्वामी नाराज झाले नाहीत. नवव्या रेघेनंतर मंजुश्री लांबून एकदा बघून गेली, हे त्यांनी बरोबर टिपलं होतं.

अकरा वाजता तेरावी बुडाली. चौदावीसाठी वाटी पाण्यावर ठेवली तोच जावई भीमाशंकर घाईने आला.

"अप्पा, मंजूला चक्कर आली. वरच्या खोलीत निजवलंय. बीपी लई वाढलंय म्हणायलेत डॉक्टर. तुमी बसा, मी हाय तिथं."

बसा म्हणाला आणि गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. सासरा उठणार नाही, हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

स्वामी उठले. बसून बसून गुडघे धरले होते, म्हणून आधी पाटावर हात टेकला आणि कुंकवाच्या चार रेघा पुसल्या गेल्या. वाटीकडे त्यांनी एकदा बघितलं. ती अर्धीही भरली नव्हती.

वर डॉक्टर गोळी देऊन, पडून राहायला सांगून निघून गेले होते. भीमाशंकरला पाहुण्यांनी खाली बोलावलं. स्वामी खुर्ची ओढून पलंगापाशी बसले. तासाभराने मंजुश्रीने डोळे उघडले. बापाला बघून तिला आधी काही कळेचना.

"मुहूर्त झाला का?"

"न्हाई."

"मग तुमी हितं काय करायलाव? घटिकेवर कोण हाय?"

"कुणी न्हाई."

तिने नजर छताकडे वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, तसं स्वामींना वाटलं, लेक निवळली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिने हात काढून घेतला.

"म्हंजी उठता येतंय," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायलतं, तुमाला उठताच येत नसंल. घटिकेवाल्यांच्यात तसा काही नेम असंल बाबा, असं म्हणून मी मनाची समजूत घालायची."

स्वामींनी आपला हात मांडीवर घेतला.

"अव्वा शेवटपर्यंत दाराकडं बघायलती, अप्पा. जीप वाजली की म्हणायची, आले बघ. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बसवता आलं नसतं का?"

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. तिथे दुसरं कुणी जाणतं नव्हतं, असं म्हटलं असतं तर लेकीने कदाचित मानलंही असतं.

"आलं असतं," स्वामी म्हणाले. "तिथला एक जंगम बाजूलाच बसलावता. त्यो म्हणला बी, जावा तुमी, मी बघतो. मला वाटलं, लोक म्हणतील स्वामी उठला."

"कुणाचं लगीन होतं त्ये?"

स्वामींनी आठवून पाहिलं. तेरा रेघा आठवल्या, पाट आठवला, लुनावाल्याचा घामेजला सदरा आठवला. नवरानवरीचं नाव काही केल्या आठवेना.

"ध्यानात न्हाई, बाई."

मंजुश्री भिंतीकडे तोंड करून रडली. मोठ्याने नाही. म्हातारा तिच्या पाठीकडे बघत बसून राहिला आणि त्यालाही रडू आलं, पण आपल्याला रडायचा हक्क नाही असं वाटून त्याने ते उपरण्यात आवरलं.

पावणेएकला वरात एकदाची आत आली. बाराचा मुहूर्त कधीच टळला होता आणि त्याची कुणाला खंत नव्हती. भीमाशंकर दारातून म्हणाला, "मंजू, डॉक्टर उठू नको म्हणलेत. खिडकीतून दिसतंय बघ सगळं." त्याने तिच्या हातात मूठभर अक्षता दिल्या आणि तो पळत खाली गेला.

मंजुश्री खिडकीशी आली. स्वामींनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली आणि ते दाराकडे निघाले.

"कुठं निघालाव?"

"खाली. तुला नको आसंल तर..."

"मला तुमाला माफ करायचं न्हाई," ती म्हणाली. "पर जाऊ नका. हितं थांबा."

खाली मंगलाष्टकं सुरू झाली. तिने मुठीतल्या निम्म्या अक्षता त्यांच्या तळहातावर ओतल्या. स्वामी त्यांच्याकडे बघतच राहिले. शेकडो लग्नांना ते हजर होते, पण प्रत्येक लग्नात त्यांचे हात ओले असत, म्हणून त्यांनी अक्षता कधी टाकल्याच नव्हत्या. पहिलं कडवं संपलं, सगळ्यांचे हात वर गेले, तरी त्यांचा हात तसाच राहिला.

"टाका की," मंजुश्री म्हणाली.

त्यांनी टाकल्या. खिडकी आणि मांडव यांच्यामध्ये भटारखान्याचं पत्र्याचं छत होतं. दोघांच्याही अक्षता तिथवरच पोचत होत्या, पत्र्यावर बारीक आवाज करून उतारावरून घसरत होत्या. गीतांजलीने एकदा मान वर करून खिडकीकडे बघितलं. मूठ रिकामी होईपर्यंत बापलेक पत्र्यावर अक्षता टाकत राहिले.