कंसाबाहेरचा वजा

चूक करायची तर ती मुलाच्या हातून झाल्यासारखी दिसली पाहिजे, आणि या कलेत चष्म्याच्या दुकानातल्या कारागिराचा हात धरणारा कोणी नव्हता. दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. तिथे अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, म्हणून दिवसभर त्याच्या हातून चूक होत नसे. चूक तो संध्याकाळी घरी येऊन करायचा, मुलीच्या गृहपाठात.

मुलगी आठवीत. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली दिसली की ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघावा लागे. सुरुवातीला बापाने तिला नीट पायरी-पायरीने शिकवून पाहिलं. आधी कंस सोडव, मग क्ष एका बाजूला आण. तिसऱ्या पायरीपर्यंत भिंगरी खिडकीत जाऊन उभी, आणि दिवसभर बारीक काम करून याच्या डोळ्यांची आग होत असलेली. मग त्याने सोपा मार्ग धरला. काचांच्या रिकाम्या पाकिटांवर तो दहाची दहा गणितं पायऱ्यांसकट सोडवून द्यायचा, ती वहीत उतरवून घ्यायची, आणि तासाभराचं काम चुटकीसरशी हातावेगळं व्हायचं.

दहाही बरोबर आली तेव्हा बाईंनी वहीत लिहिलं, ‘गृहपाठ स्वतः करावा.’ ते वाचून लाज वाटायची सोडून या गृहस्थाला शक्कल सुचली. दहातलं एक चुकवायचं. तेही कसंतरी नाही, पोरं चुकतात तसं. कंसाबाहेर वजा असला तर आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं. पोरं पहिलं बदलतात आणि दुसरं विसरतात. बारा वजा कंसात क्ष वजा पाच, याचं त्याने बारा वजा क्ष वजा पाच करून टाकलं. पुढच्या पायऱ्या मात्र अगदी रीतसर. बाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘प्रगती आहे.’ स्वारी स्वतःवरच खूश! एवढी चांगली चूक हाताशी असताना दुसरी शोधायची कशाला? कंसाबाहेर वजा असलेलं गणित दहात एखादंच असायचं, आणि चार महिने त्यात त्याने तीच वापरली.

सहामाहीला भिंगरीला गणितात पंचवीसपैकी नऊ मिळाले आणि बाईंनी बापाला शाळेत बोलावून घेतलं.

शाळा सुटून वर्ग रिकामा झाला होता. बाप-लेक एका बाकावर बसले, बापाचे गुडघे वर फळीला टेकलेले. बाईंनी उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे ठेवली.

“हे बघा. चार-चार गुणांची चार गणितं, आणि चारही एकाच जागी चुकली आहेत. कंस सोडवताना. त्याच्या पुढची एकही पायरी चुकलेली नाही.”

त्याने पाहिलं. अक्षर तिचं आणि चूक त्याची.

“पेपर वाटले तेव्हा मी हिला फळ्यापाशी बोलावून समजावलं,” बाई म्हणाल्या. “तर सगळ्यांसमोर मला म्हणते, असं नसतं बाई, तुमचंच चुकतंय. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तुला कोणी शिकवलं असं विचारलं, तर तोंडाला कुलूप. न येणाऱ्याला शिकवता येतं हो, पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय करू? सोमवारपासून कच्च्या मुलांच्या तुकडीत बसवते तिला.”

भिंगरी बाकातला खिळा नखाने टोकरत होती. बापाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बोलायची हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“घरी नीट करून घेतो मी तिच्याकडून,” तो म्हणाला, आणि वर हसलासुद्धा. त्या हसण्याची त्याला स्वतःलाच किळस आली.

जिना उतरताना त्याने हळूच विचारलं, “बाबांनी शिकवलं, असं का नाही सांगितलंस?”

“मग तू गृहपाठ करून देतोस हे कळलं असतं ना.”

“आणि वहीत फुली यायची, ती दिसत नव्हती?”

“दिसायची की. मला वाटायचं बाईच चुकतात. तू दिवसभर अर्धा-अर्धा मिलिमीटर मोजतोस, तू कसा चुकशील?” ती आणखी दोन पायऱ्या उतरली. “पण सगळे हसले तेव्हा कळलं, मला गणित येतच नाही. बसते मी त्या तुकडीत. जाऊ दे.”

बाप जिन्यातच थांबला.

“तुला येतं. चूक माझी आहे. आणि चुकून झालेली नाही, मी मुद्दाम करायचो. गृहपाठ तूच केलास असं बाईंना वाटावं म्हणून.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तू नुसतं उतरवून काढतेस.”

“नाही रे,” भिंगरी म्हणाली. “आधी मी एकेक पायरी वाचायचे. तू असं का केलंस ते कळल्याशिवाय पुढची लिहीत नव्हते.”

आपली पोर शिकत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा हात धरून तो परत वर गेला आणि बाईंसमोर उभ्या-उभ्या सगळं ओकला. बाईंनी त्याला एका शब्दाने सुनावलं नाही. त्या भिंगरीकडे वळल्या.

“त्या दिवशी हसणाऱ्यांना मी गप्प करायला हवं होतं. शुक्रवारी माझ्यासमोर चार गणितं सोडव. आली, तर आहेस तिथेच बस.”

संध्याकाळी ती टेबलाशी बसली. बाप समोर, हातात पेन न घेता. वीस वजा कंसात क्ष वजा चार बरोबर पंधरा. तिने सावकाश लिहिलं, वीस वजा क्ष अधिक चार. मग चोवीस वजा क्ष. मग क्ष बरोबर नऊ.

“बरोबर!” तो जवळजवळ ओरडलाच.

भिंगरीने मान हलवली. मग पुस्तक उलटं करून तिने शेवटची पानं काढली, उत्तरांच्या यादीवरून बोट खाली नेलं, नऊ सापडल्यावर वहीत बरोबरची खूण केली आणि पुढचं गणित घेतलं. दहा गणितं झाली. दहाही वेळा तो आधी “बरोबर” म्हणाला, आणि दहाही वेळा तिने पुस्तकाचं मागचं पान उघडलं.