न विचारलेली दहा उत्तरं

"तुझ्या सासूबाई एकादशी धरतात?" वृंदा मॅडमनी फाईलवरून नजर न उचलता विचारलं.

तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या भावनानं मॅडमच्या हातातल्या आपल्या प्रोजेक्टकडे पाहिलं. बुवापाड्यातल्या तिच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब सोडून तिसरी तसबीर नव्हती. तिच्या सासूबाईंनी, कौसाबाईंनी, उभ्या जन्मात एकादशी धरली नव्हती.

"तुळशीला पाणी घालतात, जात्यावर गातात," मॅडम वाचत गेल्या. "यातलं त्यांनी सांगितलेलं किती?"

"काहीच नाही, मॅडम."

लग्नात सुटलेलं कॉलेज तिनं पोरगी दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा धरलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत, असा प्रोजेक्ट होता. भाषा नीट करायला एआय वापरा, वापरलं की शेवटच्या पानावर तसं लिहा, पण उत्तरं त्या माणसाचीच हवीत, हे मॅडमनी वर्गात दोनदा बजावलं होतं. कौसाबाई तर ठेवणीतली पांढरी साडी नेसून खुर्चीत बसल्याही होत्या. "इचार की गं, भावने. मला कोण कवा इचारतंय?" नेमकी पोरगी रडायला लागली. मग उद्या, परवा करता करता शेवटचा दिवस उजाडला, आणि पोरीला मांडीवर थोपटत भावनानं सगळे दहा प्रश्न मोबाईलवर एआयला घातले. त्यानं कुठली तरी एक म्हातारी तयार करून दिली.

"झालं आई, दिलं लिहून," तिनं सांगितलं.

"मला न इचारताच?" कौसाबाई हसल्या होत्या.

मॅडमनी आवाज चढवला नाही. आठवड्यात खरं करून आण, एवढंच म्हणाल्या. महिन्यापूर्वी लकव्यानं कौसाबाईंची वाचा गेली, हे भावनाला सांगवेना.

घरी येऊन ती कॉटशेजारी बसली आणि एकेक प्रश्न मोठ्यानं विचारत गेली. कौसाबाई नुसत्या बघत राहिल्या. दहावा प्रश्न आला, "आई, कंपनीत कामाला जायचात, तिथं काय काम करायचात?" तेव्हा त्यांचा डावा हात चादरीवर हलला. चिमटीत काहीतरी धरलं, वळवलं, बाजूला ठेवलं. पुन्हा धरलं, वळवलं, ठेवलं. सराईत, भराभर.

भावनानं नवऱ्याला हाक मारली. महेंद्र दारात उभा राहून आईच्या हाताकडे बघत राहिला.

"मशीनवर होती का पॅकिंगला... कधी विचारलंच नाही गं," तो म्हणाला.

नऊ प्रश्नांखालची जागा तिनं कोरी सोडली. दहाव्याखाली हात कसा हलला ते लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, 'हे कसलं काम, मला माहीत नाही. बोलत होत्या तेव्हा मी विचारलं नाही.'

तिनं मान वर केली. कौसाबाईंचा हात अजून चालूच होता.