मी म्हणजे ‘येऊ नका’

मी तालेओ बोलतोय. नाव ऐकलं नसेल तुम्ही. बांबूच्या सहा कामट्या एकमेकींत अडकवून केलेली चांदणी, एवढाच माझा जीव. पण आमच्या लुआंग नामथा प्रांताच्या डोंगरात मला पाहून भलेभले मागे फिरतात. मी घराच्या वाटेवर टांगलेला असलो, की आत आजारपण आहे असं समजायचं. तीन दिवस बाहेरच्यांनी आत यायचं नाही आणि आतल्यांनीही बाहेर पडायचं नाही.

मला विणलं बुनथानने. तो पर्यटकांना डोंगर दाखवणारा वाटाड्या, हाताने चपळ. त्या दिवशी मात्र कामट्या त्याच्या हातातून सारख्या निसटत होत्या. त्याची सात वर्षांची केओ तापाने फणफणली होती. त्याच्या आईने, सेंगआजीने, कोंबडीचा बळी देऊन नातीच्या मनगटाला दोरा बांधला होता. “तीन दिवस पाळ, मग ने तुझ्या दवाखान्यात,” तिने बजावलं.

पहिल्याच दिवशी डुकरांचा व्यापारी आला. मला पाहून लांबूनच ओरडला, “बुनथान, पोरीला उतार पडू दे रे, मग येतो!” मला केवढा अभिमान वाटला!

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन परदेशी आले. वाटाड्याचे पैसे वाचवून, फोनमधला नकाशा बघत. मी जीव एकवटून म्हणत होतो, फिरा मागे! पण एकाने हसतहसत मला काढलं, पाठपिशवीला अडकवलं, आणि दोघं थेट बुनथानच्या अंगणात.

“मेल्यांनो!” सेंगआजी किंचाळली. “अरे, आमचं दार पाठीवर घालून आलेत हे!”

बुनथानने पाहुण्यांवर कधी आवाज चढवला नव्हता. त्याने पाणी दिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला काढणाऱ्या त्या मुलाला वाटलं, कौतुक करतोय. त्याने हात जोडून आभार मानले.

“आई, उद्या हिला खाली दवाखान्यात नेतो.”

“उद्या कसा? बंधन मोडलं ना! आता पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस.”

“अगं, ती पाणीसुद्धा पीत नाही.”

“म्हणूनच सांगतेय. आधीच बिघडलंय, आणखी बिघडवू नकोस.”

बुनथानने लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग कोयता घेऊन नव्या तालेओसाठी बांबू चिरायला बसला.

पुढे त्या मुलाच्या सामानात मी मावेना. त्याने मला शहरातल्या लॉजवर सोडलं आणि मालकिणीने दारावर टांगलं. महिन्याभराने बुनथान नव्या पर्यटकांना न्यायला आला.

“पोरगी कशी आहे रे?” मालकिणीने विचारलं.

“गेली. पाचव्या दिवशी.”

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. आपल्या हातचं काम कुणाला ओळखू येणार नाही? एका पर्यटक मुलीने विचारलं, याचा अर्थ काय? “शोभेचं आहे,” बुनथान म्हणाला आणि तिची पिशवी उचलून चालू लागला.

त्याला दोष देऊ नका. यायचे त्यांना मी अडवू शकलो नाही, आणि जायचं होतं त्या लेकराला मात्र अडवून बसलो. आता दिवसभर माझ्याखालून माणसं येतात नि जातात. कुणीतरी मला उतरवा आणि चुलीत घाला. दुसरं काही मागत नाही.