अहिल्येचे कार्ड आणि माझी परीक्षा

सुज्ञ वाचकहो, माझी धर्मपत्नी सौ. अहिल्या हिच्या आजारपणात गांजाच्या औषधाचे सरकारी कार्ड काढतेवेळी आम्हा उभयतांवर जो प्रसंग ओढवला, तो मी येथे यथाशक्ती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले; तथापि विषय गंभीर असल्याने भाषाही त्यास साजेशी असावी, असा माझा प्रयत्न राहील.

मी जर्सी सिटीत एका मराठी केटररच्या भटारखान्यात स्वयंपाकी आहे. माझ्या थोरल्या बहिणीने आम्हास या देशी आणण्याचा अर्ज केला, तेव्हा आमची एकुलती कन्या स्वानंदी दुसरीत होती. नंबर लागेतो तिने एकविशी ओलांडली, आणि नियमानुसार ती एकटीच नागपुरास राहिली. आता ती विवाहित आहे. विवाहित मुलीस बोलावण्याचा अधिकार ग्रीन कार्डवाल्यांस नाही, नागरिकांसच आहे. याकरिता अहिल्येने नागरिकत्वाचा अर्ज केला होता. ती नागपुरात शिक्षिका होती, तिचे इंग्रजी उत्तम. मी मात्र इंग्रजी परीक्षेच्या धास्तीने अर्जच केला नाही. घरातून एकाने केला म्हणजे पुरे, असे आम्ही ठरविले होते.

मुलाखतीची तारीख आली आणि त्याच सुमारास अहिल्येच्या पोटात कर्करोग निघाला. केमो सुरू झाल्यावर अन्न म्हणून पोटात ठरेना. फोडणीच्या वासानेही तिला उमळून येई. म्हणून कामावरून आल्यावर मी दाराबाहेरच सदरा बदलू लागलो. अखेर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले की, उलटीची सर्व औषधे देऊन झाली. वजन असेच उतरले तर केमो थांबवावी लागेल. आता गांजाचे औषध पाहावे, आणि ते देखरेखीखाली मिळावे म्हणून कार्ड काढावे.

कार्डाच्या दवाखान्यात जाताना मी आमच्या रीतीप्रमाणे सगळी फाइल बरोबर घेतली. कुठे कोणता कागद मागतील याचा भरवसा नसतो, म्हणून विवाहाचा दाखला, अहिल्येच्या पदवीची प्रत, मुलाखतीची नोटीस, सर्व काही त्यात होते. टेबलावर अनया नावाची मराठी मुलगी रुग्णांची नोंदणी करीत होती. मी अख्खी फाइल तिच्या पुढ्यात ठेवली.

"काका, मला फक्त आयडी हवंय," ती हसत म्हणाली. "मॅरेज सर्टिफिकेट कशाला? मावशी पळून जाणार आहेत का?"

"चालवत असतं तर गेलेच असते गं," अहिल्या म्हणाली.

पाने चाळता चाळता अनयाचा हात थांबला. "हा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू मावशींचा आहे? मग मी आत्ता सबमिट नाही करत. आधी लॉयरशी बोला. प्लीज, काका."

आमचे वकील राजेश यांना मी तिथूनच फोन लावला.

"बरं झालं विचारलंत," ते म्हणाले. "न्यू जर्सी कार्ड देतं, पण वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्राच्या कायद्यात गांजा घेणं अजून गुन्हाच आहे. इंटरव्ह्यूत शपथेवर विचारतात. घेतलं म्हणालात तर अर्ज नाकारू शकतात, आणखीही भानगडी होऊ शकतात."

आम्ही नोंदणी न करताच परतलो.

सायंकाळी चारुदत्तकाका समाचारास आले. हे आमच्या मराठी मंडळातील जुने, निवृत्त हृदयतज्ज्ञ. सर्व ऐकून त्यांनी हात झटकला.

"अरे, कोपऱ्यावरच्या दुकानात कुणालाही मिळतं! कार्ड-बिर्ड काढू नका. गोळ्या आणा आणि इंटरव्ह्यूत 'नो' म्हणा. वन वर्ड!"

"हात वर करून शपथ घ्यायची आणि लगेच खोटं बोलायचं?" अहिल्या म्हणाली. "उद्या उघडकीस आलं तर माझ्याबरोबर स्वानंदीचीही वाट बंद होईल, काका."

"मग काय करणार आहेस?"

"नागरिकत्वाचा शपथविधी होईपर्यंत औषध घेणार नाही. कळ काढीन."

मला मात्र तिच्या मनगटातील बांगडी दिसत होती. ती आता कोपरापर्यंत सरकत असे. तिची कळ संपण्याआधी तिचे शरीरच संपले तर काय, हा विचार मनातून जाईना. काका गेल्यावर स्वानंदीचा फोन आला. मी मुलाखतीचे सांगू लागलो, तर ती मध्येच म्हणाली, "बाबा, ते राहू द्या. आई जेवली का?"

"नाही," मी म्हणालो. फोन ठेवून मी अहिल्येस म्हणालो, "तू अर्ज मागे घे, म्हणजे तुला शपथेवर कुणी विचारणार नाही. नागरिकत्वाचा अर्ज मी करतो."

ती कितीतरी दिवसांनी हसली. "तुम्ही? बँकेतल्या बाईनं सही कुठे करणार विचारलं, तर तुम्ही 'थँक यू' म्हणालात!"

"शिकव मला. तुझ्या हाताखाली ढ पोरं पास झालीच ना?"

"ती पोरं घाबरत नव्हती."

"मी घाबरतो. पण तू जेवत नाहीस, त्याची भीती जास्त आहे."

ती म्हणाली, "उद्या अनयाला फोन करा. आणि एक वही आणा, दुरेघी."

वकिलांमार्फत तिचा अर्ज मागे घेतला, माझा दाखल झाला, आणि यथावकाश तिचे कार्ड आले. औषध सुरू झाल्यावर एके दुपारी तिने वाटीभर मुगाची खिचडी खाल्ली आणि वर लिंबाचे लोणचे मागितले. मी लोणच्याची बरणी घेण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

वकिलांनी मला ताकीद दिली आहे की, माझा अर्ज चालू असेतो त्या औषधास माझा हातही लागू नये. तिच्या बाकी सर्व गोळ्या मीच देतो. ही बाटली तिची तिनेच काढावयाची. झाकण फिरविताना तिची बोटे थरथरतात, तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो आणि ती मला नागरिकत्वाच्या परीक्षेतले प्रश्न विचारते.

"राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात?"

"चार."

"इंग्रजीत!"

"फोर इयर्स."

"आता झाकणाकडे नको, माझ्याकडे बघून सांगा."

माझी मुलाखत अद्याप व्हावयाची आहे. रात्री अंथरुणावर उत्तरे आठवतात, सकाळी विसरतात. परंतु काल केमोपूर्वी वजन केले, ते उतरले नव्हते. एवढे वृत्त स्वानंदीस कळविले आणि पुन्हा दुरेघी वही उघडली.

आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल मी सर्व वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
नंदकिशोर बोंडे, जर्सी सिटी