आधी तू चाख

लाकडी चमच्याच्या टोकावर लोण्याचा गोळा घेऊन बाबांनी तो तिच्यापुढे धरला.

"आधी तू चाख."

"तुम्ही घ्या ना, बाबा. पारखी तुम्ही."

"पारख्याला घाई नसते, पोरी. तू घे."

तिने चाखलं. बेताचं मीठ, आणि गिळल्यावर मागाहून येणारी भाजलेल्या लसणाची चव. ती हसली, तसं बाबांनी उरलेलं लोणी पावाच्या तुकड्याला फासलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटून मान डोलावली.

"झकास! जमलंय गड्याला."

लोणीवाला खूश झाला. त्याने आणखी एक तुकडा पुढे केला.

जुन्या गोदामाचा फूड हॉल झाल्यापासून ती बाबांच्या मागे लागली होती. आई गेल्यानंतर ते कुठे जायचंच म्हणत नसत. आज मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून ते तिच्याआधी बसस्टॉपवर हजर होते. उंच छताखाली दुतर्फा स्टॉल होते: मासे भाजणारे, सूपवाले, केकवाले, कॉफीवाले. वर तुळयांच्या रांगा, खाली माणसांचा कल्ला.

बाबांनी उभा जन्म बेकरीत काढला होता. भट्टीचं दार न उघडता, नुसतं अंगणात उभं राहून ते ओरडायचे, 'मागची रांग फिरवा!' पिठाचं पोतं गाडीतून उतरण्याआधीच परत पाठवायचे. गल्लीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. 'नाकसाहेब, तुमच्या नाकावर बँक कर्ज देईल,' असं कोणी म्हणालं, की ते नाक आणखी वर करत. बेकरी विकली तरी घरामागच्या खोलीतली छोटी गॅसची भट्टी त्यांनी ठेवून घेतली होती. पहाटे उठायचं, चार पाव भाजायचे आणि शेजारी वाटून टाकायचे.

"परवाच नवी नळी बसवून घेतली," ते चालता चालता म्हणाले. "भट्टी कशी नव्या नवरीसारखी चालतेय."

"नवी नवरी कुठे चालते, बाबा? ती तर मिरवते."

"तुझी आई धावायची," ते म्हणाले, आणि दोघंही हसली.

कॉफीच्या स्टॉलवर काचेच्या दोन बरण्या होत्या. कॉफीवालीने झाकणं उघडली. बाबांनी दोन्हींवर वाकून छाती भरून श्वास घेतला. मग बरण्यांकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काय गं?"

"डावीकडची जास्त भाजलीय."

"तेच म्हणतोय मी."

 माशांच्या स्टॉलवरही तेच झालं. 'आधी तू', मग तिच्या चेहऱ्यावरची नजर, मग डोळे मिटून दिलेला निकाल. एरवी कोणी बोलायच्या आत ज्यांचं मत होऊन जायचं, ते बाबा आज तिच्या मागून चालत होते.

सूपच्या स्टॉलवर तिने ते का केलं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सूप उत्तम होतं. दाट, मिरपूड घातलेलं, जिभेवर रेंगाळणारं. तिने एक घोट घेतला आणि नाक मुरडलं.

बाबांनी लगेच वाटी उचलली, चव घेतली.

"जळलंय," ते मोठ्याने म्हणाले. "तळाला लागलंय, बाई. ढवळायला विसरलात."

सूपवाली चपापली. तिने पळीभर घेऊन स्वतः चाखलं, शेजारणीला चाखवलं.

"आत्ता तर उतरवलंय, काका. कुठे लागलंय?"

"माझं नाक सांगतंय."

"मग नाकाला सर्दी झालीय तुमच्या. काढा पाजू का?"

रांगेतली माणसं हसली. बाबाही हसले. पण जरा उशिरा.

तिने आपली वाटी खाली ठेवली. 

ती दोघं कॉफी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. बाबा भेसळीच्या मैद्याचा जुना किस्सा सांगू लागले. त्यांच्या पाठीमागे, केकच्या स्टॉलवर, कोणीतरी ओव्हनचं दार उघडलं आणि काळा धूर वर तुळयांपर्यंत गेला. करपलेल्या साखरेचा कडवट वास दालनभर पसरला. लोकांनी नाकाला रुमाल लावले. शेजारच्या टेबलावरचं पोर खोकायला लागलं.

बाबा बोलत होते.

"...तर तो म्हणतो, नाकसाहेब, वास घेऊन पैसे देता का? म्हटलं..."

तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेलेली त्यांनी पाहिली, तेव्हा ते वळले. धूर दिसला. किस्सा तिथेच राहिला.

"करपलं," ते हळूच म्हणाले.

मग ते तिच्याकडे वळले. त्या नजरेत विचारणं नव्हतं, ओशाळलेपण होतं. तिने तोंड उघडलं. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, टेबलावरचा पावाचा कण दुसऱ्या हाताने टिपला आणि म्हणाले,

"कॉफी निवतेय बघ तुझी."

ती कॉफी प्यायली. या माणसाजवळ मिरवायला एवढंच होतं, आणि तेही आज भर गर्दीत काढून घ्यायचं? पुढच्या रविवारी डॉक्टरकडे नेऊ, वाटेत बोलू, असं तिने मनाशी ठरवलं.

बस आली तेव्हा बाबा म्हणाले, "उद्या तुझ्यासाठी पाव भाजतो. पहाटेच भट्टी पेटवतो."

"कशाला उगाच दगदग?"

"काडी ओढायला कसली आलीय दगदग!"

ती पायरीवर उभी होती. मागची माणसं खोळंबली होती.

"काय गं? काही म्हणायचंय?"

"काही नाही. सांभाळून, बाबा."

*

भट्टीच्या खोलीची खिडकी चौकटीसकट रस्त्यापलीकडच्या कुंपणात सापडली. बाबांना शेवटचं पाहायला डॉक्टरांनी फक्त धाकट्याला आत सोडलं. तिचा तो भाऊ बाहेर आला तो भिंतीला टेकून खालीच बसला.

चौकशीला अधिकारी आले, तेव्हा पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. गल्ली लोटली होती. सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले होते. जळका वास भिंतींत मुरला होता. नळी बसवणारा गॅसफिटर उंबऱ्यापाशीच उभा होता. त्याला कोणी आत बोलावलं नव्हतं.

"भट्टीचं बटण थोडं उघडं सापडलं," अधिकारी म्हणाले. "आदल्या संध्याकाळी बंद करायचं राहिलं असेल, तर रात्रभरात खोली गॅसने भरते. पण मग वास असा सुटतो, की दार उघडणारा चार पावलं मागे सरतो. काडी ओढत नाही."

"तेच तर सांगतोय मी!" धाकटा म्हणाला. "वास नव्हताच. काडी ओढली आणि त्याच वेळी याची नळी सुटली. अंगचोर काम केलंय यानं."

"साबणाचं पाणी लावून दोनदा बघितलं, साहेब," फिटर म्हणाला. "नाकसाहेब स्वतः शेजारी उभे होते. मला म्हणाले, शाब्बास..."

"त्यांचं नाव घेऊ नकोस तू!"

"आमच्याकडे दूध उतू गेलं, तर भिंतीपलीकडून ओरडायचे हो," शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांना गॅसचा वास येणार नाही? शक्य तरी आहे का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. फिटरने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याच्या मागे, अंगणात, बाहेर थांबलेल्या पोलिसाने हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली.

"नळीचा दोष धरला, तर याला आत्ताच न्यावं लागेल," अधिकारी म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "बाई, आदल्या दिवशी तुम्ही त्यांच्याबरोबर होतात. तुमचं काय म्हणणं?"

"तिला काय विचारता? अख्खी गल्ली सांगतेय." धाकटा तिच्याजवळ सरकला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "सांग गं ताई. बाबांचं नाक कसं होतं ते सांग त्यांना. एवढंच राहिलंय आता त्यांचं."

तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो गार होता. तिने तो घट्ट धरून ठेवला.

"त्यांना वास येत नव्हता," ती म्हणाली.

 मग तिने ते पुन्हा, आणखी स्पष्ट, उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.

"बाबांना वास येत नव्हता. त्यांना ते माहीत होतं. आणि मलाही."